घाट चढून आलेला समुद्र

गडहिंग्लजच्या नैर्ऋत्येस, सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच, वेंगुर्ल्याचा किनारा आणि अरबी समुद्र आहे. परंतु या गावाच्या नदीने त्या समुद्राकडे पाठ फिरविली आहे. ज्या आंबोलीच्या डोंगरात हिरण्यकेशी उगम पावते, त्याच डोंगराच्या कड्यावरून कोकणचा उतार सुरू होतो. पण ही नदी त्या उताराच्या मोहात न पडता पूर्वेकडे वळते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते, पुढे घटप्रभेत आणि तिच्या द्वारा कृष्णेत मिसळते, आणि सारा दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. अशा नदीच्या काठी ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना समुद्र डोळ्यांनी दिसला तो क्वचितच, एखाद्या मालवण-वेंगुर्ल्याच्या फेरीत. तथापि जिन्नसांच्या रूपाने तो त्यांच्याकडे घाट चढून येतच राहिला. गूळ आणि मिरची यांसाठी नावाजलेल्या या पेठेत बाजाराच्या दिवशी सुके बोंबील, जवळा आणि खारा बांगडा यांचे ढीग लागतात. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन आणि दर्याचा नारळ यांची मागणी आजही होते. सराफाकडे पोवळे व मोती असतात. आणि दिवाळी जवळ आली की पूजासाहित्याच्या पथाऱ्यांवर शंख, कवड्या व गोमती चक्रे मांडली जातात.

या सर्व वस्तूंत एक गोष्ट समान आहे, आणि तीच या लेखाचा विषय आहे. घाटावर पोहोचलेल्या सागरी वस्तूला बहुधा तिचा मूळ जीव सोडून गेलेला असतो. कोळ्याला शंख हा एक गोगलगायीसारखा मांसाहारी प्राणी म्हणून ठाऊक असतो. घाटावरच्या भाविकाच्या हाती येतो तो त्या प्राण्याचा धुऊन पुसलेला, रिकामा वाडा. हा वाडा कोणी बांधला आणि त्यात कोण राहत होते, हे सांगणारे कोणी जवळ नसल्यामुळे त्या रिकाम्या जागेत कथा येऊन राहते. समुद्राविषयीच्या आपल्या पुष्कळशा दंतकथा अशा रीतीने जन्मल्या असाव्यात असे आम्हांस वाटते. आणि त्या कथा एकेक करून तपासू गेल्यास त्यांच्या मागे लपलेले सत्य कथेहून फिके निघण्याऐवजी बहुतेक वेळा अधिकच चमत्कारिक निघते.

दरबाराचे बंदर आणि मिठाची वाट

समुद्र हा आज कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीबाहेरचा विषय असला, तरी करवीरच्या गादीला तो नेहमीच परका नव्हता. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग पुढे करवीरकर छत्रपतींच्या अंमलाखाली राहिला, आणि मालवणच्या बंदरातून त्यांचे आरमार दर्यावर फिरत असे. त्या आरमाराचा उपद्रव असह्य होऊन इंग्रजांनी १७६५ साली सिंधुदुर्ग घेतला, त्याला आपल्या पद्धतीप्रमाणे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि लवकरच करवीरच्या राणी जिजाबाईसाहेबांच्या दरबाराशी तह करून, नुकसानभरपाई ठरवून, तो परत केला. १८१२ च्या तहनाम्याने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि गडहिंग्लज ज्या संस्थानाचा भाग होते त्या संस्थानाचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध तेथे संपला.

व्यापाराचा संबंध अर्थातच तहनाम्याने संपत नाही. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती, आणि त्या बंदरातून घाटमाथ्याकडे येणाऱ्या वाटांनी मीठ, नारळ, सुपारी व सुकी मासळी वर येई आणि धान्य, गूळ व मिरची खाली जाई. या साऱ्या मालात मीठ हाच सर्वांत सामान्य आणि सर्वांत अपरिहार्य जिन्नस होता. वेंगुर्ला तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांत १९३० साली सत्याग्रह झाला तो याच अपरिहार्यतेच्या बळावर. आणि ज्यांनी शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ पर्यंत अध्यापन करून पुढे कोल्हापुरास आपले घर केले, त्या वि. स. खांडेकरांचा आयुष्यक्रमही याच वाटेने घाट चढलेला आहे.

समुद्र खारट का, याविषयी आपल्या लोककथेने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. अगस्ती ऋषींनी एका आचमनात समुद्र प्राशन केला आणि पुढे तो देहधर्माच्या मार्गाने बाहेर टाकला, म्हणून तो पिण्यास निरुपयोगी झाला. ही कथा ऐकून मुले हसतात. पण शास्त्राचे उत्तरही काही कमी आश्चर्याचे नाही. पावसाचे पाणी खडकांना हळूहळू झिजविते, त्यांतील क्षार विरघळवून नद्यांच्या हवाली करते, नद्या ते समुद्रात नेऊन टाकतात, आणि सूर्याच्या उष्णतेने पाणी तेवढे वर जाऊन क्षार मागे राहतात. कोट्यवधी वर्षे हा व्यवहार चालला तेव्हा समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार साठले. हिरण्यकेशीही या जकातीतून सुटलेली नाही. गडहिंग्लजच्या शिवारातील मातीचा अल्पसा खारा वाटा ती नित्य पूर्वसमुद्राकडे रवाना करीत असते.

कवडी

सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे जोगती आणि तुळजाभवानीचे भुत्ये यांच्या गळ्यांतील कवड्यांच्या माळा या भागात कोणास अपरिचित नाहीत. त्या माळेतील पांढरी, पिवळसर, लहानशी कवडी ही मुख्यतः मालदीव बेटांच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या एका सागरी गोगलगायीचे घर आहे. तिच्या पाठीवरील झिलई पाहून ती कोणी घासून काढली असेल असे वाटते. परंतु जिवंतपणी हा प्राणी आपल्या अंगाची मृदू घडी शिंपल्याच्या बाहेर काढून तो दोहोंकडून झाकून घेतो, आणि ती घडीच बाहेरून थर चढवीत राहिल्यामुळे कवडी जन्मतःच गुळगुळीत असते. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काजीचे काम केलेला प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे की, तेथील लोक हे प्राणी समुद्रातून गोळा करून खड्ड्यात पुरतात, आणि मांस कुजून गेले की पांढरी कवडी तेवढी उरते. म्हणजे घर आणि घरमालक यांची फारकत मालदीवच्या वाळूतच होत असे.

ही कवडी एके काळी खरोखरीचे चलन होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत जी कोष्टके आरंभी दिली आहेत, त्यांत २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. म्हणजे एका द्रम्माला १,२८० कवड्या मोजाव्या लागत. बंगाल व ओरिसा या प्रांतांत हे चलन एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले, आणि ओरिसातील १८१७ च्या पाइकांच्या बंडाच्या कारणांत, सरकारी सारा कवड्यांऐवजी रुपयांत मागण्यात आला हेही एक कारण होते. याच मालदीवी कवड्या युरोपीय व्यापाऱ्यांनी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि तेथे त्यांच्या मोबदल्यात माणसे खरेदी केली. देवीच्या भक्ताच्या गळ्यात जी वस्तू वैराग्याची निशाणी ठरली, तिच्याच बहिणींनी दुसऱ्या एका खंडात गुलामांची किंमत चुकविली, हे या चिमुकल्या घराच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण होय.

शंख आणि त्याचे वळण

शंखाच्या बाबतीत मात्र पुराणकारांनी आतल्या रहिवाशाची आठवण ठेवली आहे, हे त्यांच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीशा झालेल्या सांदीपनींच्या पुत्राचा शोध घेताना, शंखरूपाने पाण्यात राहणाऱ्या पंचजन नावाच्या दैत्याला श्रीकृष्णांनी मारले. गुरुपुत्र त्याच्या उदरात सापडला नाही, तो यमलोकातून आणावा लागला. पण त्या दैत्याचा शंख पाञ्चजन्य या नावाने त्यांच्या हाती राहिला. भागवतातील या कथेत शंखाच्या आत एक भक्षक राहतो एवढे तरी निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि ते प्राणिशास्त्राला धरून आहे. आपल्या देवघरातला शंख मन्नारच्या आखातात, तुतिकोरीन व रामनाडच्या समोरच्या वालुकामय तळावर राहणाऱ्या प्राण्याचा असतो, आणि तो प्राणी वाळूतले कृमी खाऊन जगतो. मद्रास इलाख्याच्या मत्स्यविभागात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या एकाच प्राण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आहे.

शंखाच्या व्यापारात सर्वाधिक फसवणूक होते ती दक्षिणावर्ती शंखाच्या नावाने. सामान्य शंखाचे वळण ज्या दिशेने असते त्याच्या नेमके उलट वळण असलेला शंख हा लाखांत एखादा सापडावा इतका दुर्मिळ, आणि म्हणूनच तो लक्ष्मीचे निवासस्थान मानला गेला. परंतु अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात एक अशी शंखाची जात आहे की, तिचे यच्चयावत् शंख जन्मतःच त्या उलट वळणाचे असतात. तेथे ते अगदी मामुली गणले जातात. हे परदेशी शंख आपल्या बाजारात दक्षिणावर्ती म्हणून विकले जातात, आणि ज्याला लाखांत एक मिळाला असे वाटते त्याला प्रत्यक्षात लाखांतला एक कोणताही मिळालेला असतो. कानाशी धरलेल्या शंखातून ऐकू येणारी समुद्राची गाजही अशीच फसवी आहे. भोवतालच्या बारीकसारीक आवाजांतील काही निवडक स्वर शंखाची पोकळी घुमवून परत देते, इतकेच. संपूर्ण निःशब्द खोलीत तो शंख मुकाच राहतो.

लक्ष्मीपूजनासाठी आवर्जून घेतले जाणारे गोमती चक्र हेही याच कुळातले. एका बाजूने सपाट, तिच्यावर नागमोडी चक्राची रेषा, दुसऱ्या बाजूने फुगीर अशी ही पांढरी टिकली नदीतला खडा नसून सागरी गोगलगायीच्या दाराची झडप असते. संकट आले की प्राणी आत शिरतो आणि हे दार ओढून घेतो. धन घरात राहावे म्हणून तिजोरीत जी वस्तू ठेवायची ती मुळात कोणाच्या तरी घराचे कवाड असावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

पोवळे आणि मोती

गरुडपुराणात रत्नांची उत्पत्ती बल नावाच्या असुराच्या शरीरापासून सांगितली आहे; त्याच्या दातांचे मोती झाले आणि आतड्यांचे पोवळे. ग्रीकांची कथा वेगळी. सर्पकेशिनी मेदूसाचे मस्तक समुद्रकाठच्या वनस्पतींवर ठेवले गेले आणि त्या रक्तवर्ण होऊन दगडासारख्या कठीण झाल्या. युरोपातील विद्वान अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोवळ्याला वनस्पतीच समजत होते, आणि त्याच्या अंगावरील पांढऱ्या नाजूक आकृती ही त्याची फुले आहेत असे एकाने जाहीरही केले होते. मार्सेयचे वैद्य पेसोनेल यांनी ती ‘फुले’ पाण्यात ठेवून पाहिली, ती स्पर्शाने आकसतात व अन्न पकडतात हे दाखविले आणि पोवळे हे प्राण्यांच्या वसाहतीचे अस्थिपंजर आहे असे प्रतिपादन केले. तेव्हा फ्रेंच विद्वत्सभेला ते इतके असंभाव्य वाटले की, रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने सभेपुढे हे मत मांडताना, त्यांची लाज राखावी या हेतूने, त्यांचे नावच घेतले नाही. पुराणकाराने पोवळ्याचे नाते प्राण्याच्या शरीराशी जोडले होते; असुर खोटा असला, तरी प्राणी खरा निघाला.

मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसविले जाणारे तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातले, आणि रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे की, रोमन स्त्रियांना हिंदुस्थानचे मोती जितके प्रिय, तितकेच हिंदुस्थानच्या पुरुषांना पोवळे प्रिय. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळे पाठवीत आणि गोव्याचे सारस्वत व्यापारी त्याच्या मोबदल्यात हिरे रवाना करीत. परस्परांचे तोंडही न पाहिलेल्या, भिन्न धर्मांच्या आणि भिन्न भाषांच्या या मंडळींचा व्यवहार केवळ पत्रांवर व पतीवर पिढ्यान्पिढ्या चालला. या पोवळ्याची जाडी वर्षाकाठी एक मिलिमीटरही वाढत नाही. तेव्हा अंगठीतला खडा हा समुद्राने कित्येक दशके खर्च करून घडविलेला ऐवज असतो.

मोत्याविषयी वराहमिहिरांची यादी पाहण्यासारखी आहे. बृहत्संहितेत त्यांनी मोत्याची आठ जन्मस्थाने दिली आहेत: हत्ती, सर्प, शिंपला, शंख, मेघ, वेळू, तिमी मासा आणि रानडुक्कर. यांपैकी शिंपल्याचा मोती सर्वोपरिचित आहे, आणि शंखवर्गीय प्राण्यांतही मोती खरोखरच तयार होतात; बाकीच्या सहांची अमलबजावणी निसर्गाने केलेली दिसत नाही. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कल्पना तर आपल्या काव्यात रुजून गेली आहे. प्रत्यक्षात शिंपल्याच्या आत बहुधा एखादा परोपजीवी कृमी शिरतो, तो बाहेर घालविणे अशक्य झाले की शिंपला त्याच्यावर तेच चकचकीत अस्तर चढवू लागतो जे तो आपल्या घराच्या भिंतींना लावतो, आणि अत्यंत पातळ अशा असंख्य थरांत अडकून परतणाऱ्या प्रकाशाला आपण मोत्याचे पाणी म्हणतो. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्याकडून अर्धगोल मोती मुद्दाम करवून घेतला, आणि १९७३ साली तुतिकोरीन येथे आपल्याकडील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेही संवर्धित मोती सिद्ध केला. मोती हे शत्रूचे थडगे आहे हे समजल्यावर त्याची किंमत कमी व्हावी की वाढावी, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

फेस आणि नारळ

काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेन ही वस्तू पाहताच तिच्या नावाचे कारण पटते: पांढरी, हलकी, लांबट, बोटाने कुरतडता येईल अशी ती वडी समुद्राचा फेस वाळून घट्ट झाला असावा अशीच दिसते. वैद्य ती कानाच्या विकारांत वापरीत आले, पोपट पाळणारे ती पिंजऱ्यात टांगतात, आणि सोनार पूर्वी तिच्यात ठसा उमटवून ओतकाम करीत. वस्तुतः ते माकुल या दहा बाहूंच्या प्राण्याच्या पाठीतले हाड आहे. त्याच्यात अतिसूक्ष्म कप्पे असतात. त्यांतील पाणी कमीजास्त करून प्राणी समुद्रात हवा तेवढा वर येतो किंवा खाली जातो. पाणबुडी नौका बांधणाऱ्या अभियंत्यांना जी युक्ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्णत्वास नेता आली, ती या तथाकथित फेसात कोट्यवधी वर्षे चालू आहे.

त्याच दुकानात क्वचित दर्याच्या नारळाची एखादी काळी, जाड कवटीही दिसते. फकिरांच्या हातातील होडीच्या आकाराचे भिक्षापात्र याच फळाचे. दोन नारळ एकत्र जोडल्यासारखे दिसणारे हे अजस्र फळ मालदीवच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येई, आणि त्याचे झाड कोणीच पाहिलेले नसल्यामुळे ते समुद्राच्या तळाशी उगवते अशी समजूत होती. तेथील राजाने अशा फळावर आपला एकट्याचा हक्क बसविला होता. १५६३ साली गोव्यात आपला ग्रंथ छापणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी या फळाची चर्चा केली आहे. एके काळी तेथे मोठी भूमी होती, ती बुडाली आणि तिच्यावरील ताडांची ही फळे आता वर येतात, असे त्यांचे अनुमान होते. बुडालेल्या भूमीची कल्पना चुकीची, पण ताडाची बरोबर ठरली. १७६८ साली सेशेल्स बेटांपैकी प्रास्लँ येथे फ्रेंचांना ही झाडे सापडली. जगात ती केवळ प्रास्लँ व शेजारचे क्युरियूझ या दोन बेटांवर नैसर्गिकपणे वाढतात, आणि त्यांचे बी हे वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी आहे. यातील खरी खुबी पुढेच आहे. ताजे, जिवंत फळ इतके जड असते की ते पाण्यात बुडते. आतला गर कुजून गेल्यावरच कवटी तरंगू लागते. म्हणजे जी फळे दूरच्या किनाऱ्यांना लागली ती सर्व मेलेलीच होती, त्यांतून झाड उगवणे कधी शक्यच नव्हते, आणि झाड उगवत नाही म्हणूनच ती समुद्रातली ठरली.

तिमिंगिल, अग्निजार आणि वडवानल

महाभारतात समुद्राच्या वर्णनात तिमी येतो, त्याला गिळणारा तिमिंगिल येतो, आणि कल्पनाशक्तीच्या भरात तिमिंगिलालाही गिळणारा त्याहून मोठा जीव येतो. मोठ्याने लहानास गिळावे या मत्स्यन्यायाची ही शिडी आकाशापर्यंत नेता येईल. पण पृथ्वीवरील आजवरच्या प्राण्यांत सर्वांत प्रचंड असा जो निळा देवमासा, ज्याची लांबी ३० मीटरपर्यंत भरते, तो या शिडीवर चढलेलाच नाही. त्याचा घसा इतका अरुंद असतो की मोठा मासा त्याला गिळता येत नाही. गडहिंग्लजच्या बाजारात मापाने विकला जाणारा जवळा डोळ्यांपुढे आणला म्हणजे या महाकायाच्या आहाराची कल्पना येते, कारण तो जगतो तो तसल्याच चिमुकल्या कवचधारी जीवांच्या थव्यांवर. २०१५ साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरासमोर निळे देवमासे अभ्यासकांच्या दृष्टीस पडले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागून मरण पावला. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू रुतले. ते खोल पाण्यात नेण्यासाठी सरकारी यंत्रणा आणि ग्रामस्थ यांनी खटपट केली, पण ते वाचले नाही. पुराणातला तिमी आपल्या किनाऱ्यापासून फार लांब नाही.

देवमाशांच्याच दुसऱ्या एका जातीपासून, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारून माकुलवर्गीय प्राणी खाणाऱ्या स्पर्म व्हेलपासून, अंबर मिळते. रसरत्नसमुच्चयात साधारण रसांमध्ये अग्निजार नावाचा पदार्थ सांगितला असून, समुद्राने बाहेर टाकलेली व उन्हात वाळलेली अग्निनक्राची वार असे त्याचे वर्णन आहे. पुष्कळ अभ्यासक अग्निजार म्हणजे अंबरच असे मानतात. आईन-ए-अकबरीत अबुल फजलनेही सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात अंबराविषयीची निरनिराळी मते नोंदविली आहेत. कोणी ते समुद्राच्या तळाशी उत्पन्न होते म्हणतो, कोणी जलचराच्या पोटातले म्हणतो. वर्तमानपत्रांनी त्याला ‘व्हेलची उलटी’ असे नाव रूढ केले असले, तरी ते बहुधा आतड्यात तयार होते; न पचणाऱ्या कठीण चोचींभोवती मेणासारखा थर जमत जातो, आणि पुढे वर्षानुवर्षे उन्हात व खाऱ्या पाण्यात तरंगत राहिल्यावर त्याची मूळची दुर्गंधी जाऊन सुगंध उरतो. अत्तरांना लागणारा तोच गुण आता एका वनस्पतीतील द्रव्यापासून कृत्रिम रीतीने सिद्ध होतो. तरीही अंबराच्या कोट्यवधींच्या किमतीच्या अफवा थांबत नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते बाळगणे हाच गुन्हा असल्यामुळे मुद्देमालासह पकडलेल्या इसमांच्या बातम्याही थांबत नाहीत.

आणि शेवटी वडवानल. और्व ऋषीचा क्रोध जग जाळू लागला तेव्हा पितरांच्या सांगण्यावरून त्याने तो समुद्रात टाकला. घोडीच्या मुखाचा तो अग्नी तेव्हापासून समुद्राचे पाणी पीत आहे, म्हणून एवढ्या नद्या मिळूनही समुद्र ओसंडत नाही. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ या पाणबुडी यानातून सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर उतरलेल्या शास्त्रज्ञांना तळाच्या भेगांतून उष्ण पाणी वर येताना दिसले. पुढे १९७९ साली ३५० अंश सेल्सिअस तापमानाचे काळे फवारे आढळले. समुद्राचे पाणी भेगांतून खाली झिरपते, पृथ्वीच्या उष्णतेने तापते, खनिजे घेऊन परत उसळते; म्हणजे समुद्राखालचा अग्नी खरोखरच समुद्र पितो, मात्र प्यालेले परत देतो. त्या गडद अंधारात, सूर्याचा एक किरणही न पोहोचता, केवळ रसायनांच्या बळावर जगणारी एक पूर्ण जीवसृष्टी सापडली. ऋषींना हे ठाऊक होते असे म्हणणे हा त्यांच्यावरचाही अन्याय होईल. त्यांनी प्रश्न योग्य विचारला आणि उत्तर प्रतिभेने दिले, एवढे श्रेय त्यांना पुरे आहे.

देवघरातला समुद्र आणि बाजारातला अधर्म

या साऱ्या वस्तूंहून प्राचीन अशी एक सागरी वस्तू घाटावरच्या अनेक घरांत तुळशीपत्राखाली रोज न्हात असते, आणि तिच्याकडे समुद्रातली म्हणून कोणी पाहत नाही. नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात सापडणारा शाळिग्राम हा अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा अश्मीभूत अवशेष आहे. हिमालय जेथे आज उभा आहे तेथे पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाशी गाडले गेलेले हे जीव, भूमी वर उचलली गेली तेव्हा, पर्वतांच्या माथ्यावर गेले. परंपरा सांगते की शाळिग्रामातील चक्रे वज्रकीट नावाच्या किड्याने कोरली. जीवाने दगडात शिरून घर कोरले नाही, जीवाचे घरच दगड झाले, एवढी दुरुस्ती करून ती परंपरा मान्य करता येते. अमोनाइटांचा वंश सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी संपला. आणि दख्खनचे पठार घडविणारा, गडहिंग्लजजवळच्या सामानगडाच्या परिसरात पायांखाली असलेला काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला, तो लाव्हा त्याच सुमारास वाहत होता.

शंख, कवडी, शाळिग्राम यांच्याभोवतीच्या कथांनी समुद्राचे फारसे नुकसान केले नाही. आजच्या काही कथांविषयी तसे म्हणता येत नाही. वास्तुदोष घालविणारी दुर्मिळ वनस्पती म्हणून ‘इंद्रजाल’ या नावाने जी काळी, जाळीदार फांदी चौकटीत बसवून विकली जाते, ती वनस्पती नसून काळे पोवळे किंवा समुद्रपंखा या प्राण्यांची तोडून आणलेली वसाहत असते, आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. तळावरून ती फांदी उपटली जाते तेव्हा तिच्या आश्रयाने राहणारी मासळीही निराधार होते, आणि त्याचा परिणाम मालवणच्या कोळ्याच्या जाळ्यात व घाटावरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत उतरतो. विकत घेणारा बहुधा सज्जन असतो. त्याला त्या फांदीत जीव होता हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्यावरच ही चौकशी करण्याची जबाबदारी अधिक आहे; वस्तू हाती घेताना ती कोणाचे घर, कोणाचे हाड, कोणाचे दार होती, आणि ती मिळविण्यासाठी कोणाला मारावे लागले, एवढे तरी त्याने विचारावे. मंगलाष्टकांत चौदा रत्नांची गणना होते तेव्हा पहिले नाव येते लक्ष्मीचे, आणि लक्ष्मी ही समुद्राची कन्या. ज्या घरची लेक आपण दिवाळीत पाटावर बसवून पूजतो, त्या तिच्या माहेराची लूट आपल्या पैशाने होऊ नये, एवढा विवेक तर कोणत्याही सोयऱ्याकडून अपेक्षित आहे.